खाटेखालची ओली गोणी

साखर. सुतळीचे टाके. ओलं सिमेंट. खाटेखालचा काळोख. पाण्याची बादली.

थांबा मित्रांनो, सांगते. हे सगळं माझ्या अंगाला लागून गेलंय. मी तागाची गोणी आहे. जुनी, दोन जागी ठिगळ लावलेली. विणली गेले, साखर वाहिली, रिकामी झाले, कोपऱ्यात पडले. मग एका शिंपीणबाईंनी मला घरी आणलं. घरी म्हणजे अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. जुनं घर पडलं होतं. नवं उभं राहीपर्यंत त्या आणि त्यांच्या सासूबाई तिथेच राहत होत्या.

नव्या घराचा स्लॅब पडला आणि गवंडीमामांनी मला उसवून त्यावर पसरलं. ताजा स्लॅब सतत ओला ठेवावा लागतो, नाहीतर तो तडकतो. पाणी धरून ठेवायचं काम माझं. "ही गोणी म्हणजे स्लॅबची दाईच!" मामा म्हणाले. मी फुगले. नुसत्या पाण्याने नाही.

आणि गावाला पाणी पुरवणारा तलाव आटला.

हुकूम निघाला: बांधकामाला पाणी बंद. वापरताना दिसलात तर नळ तोडणार. ज्यांना दुसरा निवारा नाही आणि ज्यांचा स्लॅब नुकताच पडलाय, त्यांनाच पाहणी करून सवलत, टँकरचं पाणी. शिंपीणबाईंनी अर्ज केला. पण तोवर? ऊन काही थांबत नव्हतं. मी सुकायची. खाली सिमेंट तापायचं. दोघी आपल्या वाट्याच्या पाण्यातून तांब्या-तांब्या आणून ओतायच्या. मी पुन्हा सुकायची.

पाहणीच्या सकाळी सासूबाईंनी बादली आणली. "माझी आंघोळ झाली. उरलंय हे," म्हणाल्या आणि माझ्यावर रिकामी केली.

तेवढ्यात फाटक वाजलं. शिंपीणबाईंचं धाबं दणाणलं. ओली गोणी दिसली की नळ गेलाच! मला ओढलं, गुंडाळलं, खाटेखाली कोंबलं. वर स्लॅबही फडक्याने पुसून काढला.

तपासनीसबाई वर जाऊन आल्या, खोलीत टेकल्या. "स्लॅब तर जुना दिसतोय. कोरडा ठणठणीत. याला कसली सवलत?"

"नवाच आहे हो!"

"मग पाणी कधी मारता?"

शिंपीणबाईंनी टाचेने मला खाटेखाली आणखी आत सारलं. बोलावं तर नळ जाणार, न बोलावं तर स्लॅब.

मी धरून धरून किती धरणार? एक ओघळ खाटेखालून निघाला आणि तपासनीसबाईंच्या चपलेशी जाऊन थांबला.

"हे काय?"

"गोणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "कोंडून ठेवली, म्हणून मुतली."

"आई, गप्प बसा!"

तपासनीसबाईंनी मला बाहेर ओढलं. माझ्या विणीत ताज्या सिमेंटची कच अडकली होती. त्यांनी ती बोटाने चोळून पाहिली. "पाणी कुणाचं?"

"आमच्याच वाट्याचं," शिंपीणबाई पुटपुटल्या.

"अहो, मग लपवलंत कशाला? हेच तर बघायला आले होते मी!"

सवलत मिळाली. संध्याकाळी टँकर आला. एका कोपऱ्यात केसाएवढी चीर राहिली, ती मात्र टँकर येईपर्यंतच्या त्या कोरड्या दुपारची.

मित्रांनो, आता मी त्या घराच्या दारात पायपुसणं आहे. पावलं येतात, जातात. मला झटकायला कुणाला सवड नाही. ऊन चढलं की अजूनही जीव थाऱ्यावर राहत नाही. सारखं लक्ष वर, छताकडे. एवढंच मागणं आहे: जे जिवापाड जपता, ते लपवू नका. आणि दारातल्या गोणीलाही कधी झटकून वाळत घाला.

त्या सकाळी सासूबाईंनी आंघोळ केली नव्हती.