ताईच्या मशीनवरची बीटा आवृत्ती

टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या खटपट्याला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. खटपट्या हे नाव त्याच्या ताईनं ठेवलेलं. ताई गणिताची निवृत्त बाई. घरातल्या टीव्हीला जोडायचे ते जुने कॉम्प्युटर नवे होते, तेव्हा तिनं त्यांच्यासाठी कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं साधन, लिहायला घेतला होता. प्रोग्राम भरधाव पळवणारा भाग तिनं वहीत पुरा केला आणि बाकीचं संसाराच्या रगाड्यात राहून गेलं. ते खटपट्यानं तीन वर्षं खपून पूर्ण केलं, वर मशीन चालवणारी प्रणालीही लिहिली. पण ती लोकांना द्यायला हात धजेना. आज ही चूक, उद्या ती. तोवर ताईचा उजवा डोळा गेला आणि डाव्याबद्दल डॉक्टर गुळमुळीत बोलू लागले.

"बीटा, म्हणजे चाचणीचीच आवृत्ती आहे ना? मग चुकांसकट दे," ताई म्हणाली. "मला ते चाललेलं बघायचंय, नुसतं ऐकायचं नाही."

रविवारी सकाळी त्यानं जीव मुठीत धरून ती प्रणाली इंटरनेटवर सोडली. असली मशीनं जपणाऱ्या चाळीस हौशी लोकांनी लगेच उतरवून घेतली आणि तासाभरात तक्रारींची रांग लागली. सुरू होताच मशीन अडकतंय म्हणे. खटपट्याच्या मशीनवर तर सगळं सुरळीत चालत होतं. इतक्यात ताईचा फोन आला, तिचाही पडदा काळाच होता. तो हातातला चहा तसाच टाकून तिच्याकडे धावला.

तिचं मशीन उघडलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मेमरी निम्मीच होती, चिपांची दुसरी ओळ रिकामी. स्वतःच्या मशीनमध्ये ती त्यानंच बारा वर्षांपूर्वी भरली होती आणि साफ विसरला होता. जगाची यंत्रं उघडणाऱ्या या शहाण्यानं आपलं तेवढं उघडून पाहिलं नव्हतं. माझ्या चिपा काढून तुझ्यात बसवतो, असं तो म्हणाला.

"आणि त्या चाळीस जणांचं काय?"

कोड आवळून निम्म्या मेमरीत बसवायला दोन महिने लागतील, तो पुटपुटला. ताईच्या डाव्या डोळ्याकडे दोन महिने आहेत की नाहीत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सगळ्यात जास्त जागा कशाला लागते, असं तिनं विचारलं. वेग वाढवणाऱ्या भागाला, त्यानं सांगितलं. तो भाग तिचाच होता.

"काढून टाक," ताई म्हणाली.

"मग त्यात तुझं काय उरलं?"

"मी बघणारी उरले ना."

त्यानं तो भाग काढला. दुपारी मशीन सुरू झालं. ताईनं चाचपडत मूळ संख्या शोधणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पडद्याला नाक टेकवलं. आकडे रेंगाळत, एकेक करून उमटू लागले. तिचा भाग असता तर एवढ्यात पडदा भरून वर सरकलाही असता. फारच हळू चालतंय, मी वेग परत आणतो, काहीतरी करतो, असं खटपट्या सांगत सुटला.

"थांब रे जरा," ताई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "एवढ्याच वेगानं मला वाचता येतंय."