कॉलरबाईचं रक्त

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती फक्त कॉलरी शिवत आली होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, टाके तिरपे पडायला लागले, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "ऑपरेशन करून या, मशीन तुमचंच आहे." ऑपरेशनआधी रक्त तपासायचं होतं. तिने हात पुढे केला, कापसाचा बोळा दाबून धरला आणि घरी आली.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई पोरगेलीच होती. तिने दार लोटून घेतलं.

"रक्तात सिफिलिस निघालाय. जुनी माणसं गरमी म्हणतात, तो आजार."

कॉलरबाईला आधी हसूच आलं. "अहो, बाटली बदलली असेल कुणाची तरी! त्रेपन्न वर्षांची बाई मी. घर ते कारखाना, कारखाना ते घर."

"दोन वेगवेगळ्या तपासण्या केल्या. दोन्ही तशाच."

"पुन्हा काढा. या हातातलं काढा." तिने बाही वर सरकवलीसुद्धा.

पुन्हा काढलं. पुन्हा तेच आलं.

"बाळंतपणं किती झाली?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"तीन. पहिलं सातव्यात पोटातच गेलं. दुसरंही तसंच. तिसरी मुलगी जिवंत झाली, अकरा दिवस होती. तळहाताची कातडी सोलून निघायची तिच्या."

लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईचा हात थांबला. "तेव्हा तुमचं रक्त नाही तपासलं कुणी?"

"घरीच सुईण यायची. का हो?"

"वेळेत इंजेक्शन मिळालं असतं तर..."

"तर काय? बोला ना."

"पोरं बहुतेक वाचली असती."

कॉलरबाई घरी कशी पोचली तिचं तिला कळलं नाही. नवरा खुर्चीत बसून रेडिओचे सेल बदलत होता. तरुणपणी तो बोअरवेल खोदणाऱ्या गाडीवर कामाला होता, चार-चार महिने बाहेर असायचा. तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, पण हे काय म्हणून विचारलं नाही. तिथेच ती काय ते समजली.

"तुम्हालाही तपासायला बोलावलंय."

"मला नको. मी घेतली होती इंजेक्शनं. तिकडेच, कामावर असताना."

"केव्हा?"

तो सेल पुसत राहिला.

"केव्हा, विचारतेय मी!"

"दुसऱ्या पोराच्या आधी."

ती भिंतीला टेकली. "म्हणजे दोन वाचली असती. अहो, दोन! बायकोला घेऊन या म्हणाला नव्हता तो डॉक्टर?"

"म्हणाला होता."

"मग?"

"कुठल्या तोंडाने आणणार होतो तुला?"

आतल्या खोलीत सासू खाटेवर पडून होती. तीस वर्षं तिने हिची कूसच खोटी म्हणून जगाला ऐकवलं होतं. नणंदेने आपलं तान्हं कधी हिच्या मांडीवर दिलं नव्हतं.

"आईंना सांगा. आत्ताच्या आत्ता."

"ऐंशी वर्षांची आहे ती. मरेल."

"माझी मेली तेव्हा?"

तो चपला शोधायला लागला. तेव्हा तिने त्याची कॉलर धरली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तसंच ओढत त्याला खाटेपाशी नेलं.

"आई," तो पुटपुटला, "पोरं गेली ती माझ्यामुळे. मला गरमी झाली होती."

"काय झालं होतं?" म्हातारीला कमी ऐकू यायचं.

"गरमी!" त्याला ओरडावं लागलं. शेजारचं बोलणं एकदम थांबलं.

म्हातारीने त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "बायकोचं पाप स्वतःच्या अंगावर घेतोस होय रे? तू असाच भोळा, लहानपणापासून."

कॉलरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो आईचं पांघरूण नीट करू लागला.

त्याच संध्याकाळी पिशवीत चार लुगडी भरून ती कारखान्यात बटणं लावणाऱ्या मैत्रिणीच्या खोलीवर गेली. दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं होती. पहिलं घेतल्यावर दोन दिवस तिला बसता येईना. दुसऱ्या वेळी नवरा दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला होता. ती त्याच्यासमोरून आत गेली आणि त्याच्यासमोरून बाहेर आली. तिसऱ्या वेळीही तो होताच.

"घरी कधी येतेस?" त्याने विचारलं.

"पोरगी कुठे पुरली ते दाखवा. मला तेव्हा कुणी नेलं नव्हतं."

दोघं चालत गेले. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर आता गोदामाची लांबच लांब भिंत उभी होती. तो भिंतीच्या कडेने पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथे असेल," तो म्हणाला. "नाहीतर तिकडे. तेव्हा एक झाड होतं."

"नीट आठवा."

"नाही गं आठवत."

भिंतीवर हात ठेवून ती इतकी मोठ्याने रडली की आतले हमाल बाहेर येऊन बघायला लागले. तो दहा हातांवर उभा राहिला, जवळ आला नाही. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि मैत्रिणीच्या खोलीकडे एकटी चालू लागली. त्याच्या घरी ती परत कधी गेली नाही.