लांब दातांचा कंगवा

सासूबाईंनी मुदत दिली ती बुधवारी. त्या दिवशी माझ्या अकरा महिन्यांच्या मुलीने रांगता रांगता केसांचा पुंजका उचलून तोंडात घातला आणि मी बोट घालून तो काढेपर्यंत तिला ठसका लागला. केस पेंढ्याचे होते. पेंढ्या म्हणजे आमचा कुत्रा. पॉमेरियन म्हणून आणला आणि वाढत वाढत मेंढराएवढा झाला. रंग भाताच्या वाळक्या पेंढ्यासारखा, म्हणून नावही तेच.

"रविवारपत्तुर घरातली केसं थांबली न्हाईत, तर त्याला गोठ्यात बांधायचं," असं सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, आणि चुकीचंही नाही. पण राजुरीत कुत्रा रात्रीचा बाहेर बांधायचा म्हणजे बिबट्यापुढं ताट वाढायचं. दिवाळीपासून आमच्या वस्तीवरची तीन कुत्री गेली होती. मला मुलीच्या घशाची काळजी होतीच, आता पेंढ्याच्या मानेचीही लागली.

माझा नवरा आदेश म्हणाला, मेंढ्या कातरणाऱ्याला बोलावू, एकदाच भादरून टाकू. मी आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी साफ नको म्हणून सांगितलं. वरचे लांब केस आणि आतली लोकर मिळून याला ऊन आणि थंडी दोन्हींपासून वाचवतात, भादरलं तर पुन्हा तसे येतीलच असं नाही, विंचरत जा, म्हणाले. कशाने विंचरायचं, हे विचारायचं मला फोन ठेवल्यावर सुचलं.

गुरुवारी मुलीला सासूबाईंजवळ ठेवून जीपने नारायणगावला गेले. दुकानदाराने काउंटरवर पाच प्रकार मांडले. बारीक वाकड्या तारांचा ब्रश, लांब दातांचा लोखंडी कंगवा, पातं लावलेला एक, रबरी हातमोजा आणि मऊ केसांचा ब्रश. बाटलीतलं दूध तपासते तसा मी एकेक मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. तारांनी लाल रेघा उठल्या. कंगव्याचे दात तर बोटाएवढे. पात्याला मी हातच लावला नाही. मऊ ब्रश तेवढा मुलीच्याही डोक्याला चालला असता. दुकानदार म्हणाला, ताई, हा शेवटचा हात फिरवायला असतो. मला वाटलं, महागातलं गळ्यात मारतोय. मऊच घेतला.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फिरवला. पेंढ्या असा चमकायला लागला की रस्त्याने जाणारे थांबून बघत. आणि घरात केस होते तेवढेच. डाळीत, दुपट्यावर, आदेशच्या काळ्या पँटवर.

शनिवारी संध्याकाळी पेठहून आदेशचे मामा, चांगदेवमामा, मुक्कामाला आले. त्यांच्या दावणीला शर्यतीचे दोन बैल असतात आणि रोज खरारा करून त्यांची कातडी आरशासारखी ठेवण्यात मामांचा जन्म गेलाय. मी विंचरत होते, ते बाजूला उकिडवे बसले. थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग पेंढ्याच्या मांडीवरचे केस दोन्ही हातांनी भांग पाडल्यासारखे बाजूला केले. खाली करडी लोकर दाबून बसली होती, गादीतल्या जुन्या कापसासारखी.

"सूनबाई, तुमी नुसती इस्त्री केली. धुणं तसंच ऱ्हायलं."

मी मनगटावरच्या रेघांचं सांगितलं. मामा हसले नाहीत.

"तुमच्या मनगटावर लोकर हाय का? दात लांब घ्या, हात हलका ठिवा. चामडीला टेकायच्या आत थांबायचं."

रविवारी सकाळीच आदेश जाऊन लांब दातांचा कंगवा आणि तारांचा ब्रश घेऊन आला. अंगणात बसलो. मामांनी पायापासून सुरुवात करायला लावली. एका हाताने केस वर धरायचे, दुसऱ्याने खालची एकेक ओळ विंचरायची, मग वरची. कानामागे सुपारीएवढी गाठ निघाली तेव्हा माझा हातच थांबला. मामांनी गाठीचं मूळ चिमटीत धरायला शिकवलं, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मी टोकाकडून थोडं थोडं सोडवत गेले. पेंढ्या ओरडेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो झोपला होता.

दुपारपर्यंत खताची एक गोणी लोकरीने भरली. पेंढ्या निम्मा झाला. तेवढ्यात सासूबाई येऊन गोणीत डोकावून गेल्या.

दिवेलागणीच्या आधी त्यांनी स्वतः घर झाडलं. कॉटखाली, कपाटामागे, पाळण्याखाली. मी मुलीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होते. सुपली घेऊन त्या उजेडात आल्या. धूळ होती, शेंगांची टरफलं होती, आणि बोटाने वेगळे करून मोजता येतील एवढे केस.

"मग अक्का," मामा म्हणाले, "गोठ्यात कोणाला बांधायचं? मला?"

"तुला बांधून काय उपेग, बिबट्या बी न्यायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याला घरात. पर रोज सकाळी अंगणात विंचरायचं. हात-पाय धुवायचं, लुगडं बदलायचं, मंग पोरीला घ्यायचं."

मी लुगडं नेसत नाही, पण हो म्हणाले. मोबाइलमध्ये पहाटे साडेपाचचा गजर लावला, आणि न विसरण्यासाठी खाली लिहिलं: आधी कंगवा, मग तारा, शेवटी मऊ.