ट्रेमधली चाळीस मिनिटं

सरांना गाठीचा फोटो लागायचा. मूत्रपिंडातून कापून काढलेली कर्करोगाची गाठ ऑपरेशन थिएटरमधून आली, की आधी सरांच्या टेबलावर जायची. शेजारी मोजपट्टी ठेवायची, दिवा सारखा करायचा, आणि फोटोत सरांचा हातमोजा घातलेला हात आलाच पाहिजे. सर कधी मीटिंगमध्ये, कधी फोनवर. तोवर तीस-चाळीस मिनिटं गाठ ट्रेमध्ये पडून. त्याच मूत्रपिंडाच्या निरोगी तुकड्याला मात्र कुणी हिंग लावून विचारत नसे, म्हणून प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ तो दोन मिनिटांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोकळी व्हायची. तिला सगळे ताई म्हणत.

अशा साठ पेशंटांच्या तुकड्यांवरून सरांनी शोध लावला. गाठीत म्हणे ऑक्सिडेटिव्ह ताण भयंकर असतो. म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणारे आक्रमक रेणू पेशींना आतून पोखरतात, आणि त्यांना तोंड देणारी जनुकं तिथे निरोगी भागापेक्षा नऊपट जोरात चालतात. मग काय विचारता. सरांनी अशी टिमकी वाजवली, की विभागात दुसरं काही ऐकू येईना. विद्यार्थी री ओढायला होतेच. ताईला या मंडळींचा मनापासून तिटकारा होता. नायट्रोजनच्या टाकीचं झाकणसुद्धा धड उघडता येत नव्हतं त्यांना, आणि निघाले होते कर्करोगाचं कोडं सोडवायला. पण बोलून वाईट कोण होणार, म्हणून ती मूग गिळून बसली होती.

मग तिच्या दादाच्या मूत्रपिंडात गाठ निघाली.

सर्जननी लगेच ऑपरेशन सांगितलं. सरांनी दादाला केबिनमध्ये बोलावून आपला अभ्यास समजावला: तीन महिने गाठीतला ताण कमी करणाऱ्या गोळ्या, ऑपरेशन नंतर. दादाला सुरीची धास्तीच होती. तो हरखला.

"तुझेच सर आहेत," तो ताईला म्हणाला. "पुढच्या सोमवारी संमतीपत्रावर सही करून टाकतो."

ताईला तो ट्रे आठवला. रक्तपुरवठा तुटलेला तुकडा उबेत पडून राहिला, की गुदमरणारच, आणि गुदमरला की हीच जनुकं जागी होणार. त्या आठवड्यात चार ऑपरेशनं झाली. चारही वेळा तिने उलटं केलं. गाठीचा एक काप आल्या आल्या गोठवला आणि निरोगी तुकडा चाळीस मिनिटं ट्रेमध्ये ठेवला. उत्तरही उलटं आलं. लगेच गोठवलेल्या जुन्या निरोगी तुकड्यांच्या मानाने या निरोगी तुकड्यात जनुकं आठपट, गाठीत जेमतेम दीडपट.

सरांनी आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"निरोगी भागातही ताण? वा. हा आपला दुसरा पेपर."

"सर, बराचसा ताण ट्रेमध्ये तयार होतोय. पेशंटच्या अंगात नाही."

"बाई, माझ्याकडे साठ पेशंट आहेत. तुमचे चार."

"ते साठही ट्रेमध्येच पडून होते, सर."

"तुम्ही गोठवायचं काम करा. अर्थ लावायला आम्ही आहोत."

एवढं बोलून सर नाकाने कांदे सोलत फोटोकडे वळले. त्या दिवशीची गाठ ट्रेमध्ये वाट बघत होती.

रविवारी ती दादाच्या घरी गेली. टेबलावर संमतीपत्र आणि पेन तयारच होतं. तिने त्याला फोटोपासून सगळं सांगितलं. सांगताना सरांचा हात फोटोत कसा येतो, त्याची नक्कलही केली. दादा हसला नाही.

"म्हणजे गोळ्यांना अर्थ नाही."

"नाही. तू उद्याच सर्जनना भेट. तीन महिन्यांत गाठ पसरली तर काय करशील?"

दादाने संमतीपत्र फाडलं. मग विचारलं, "गाठी ट्रेमध्ये पडून राहतात, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं झाली."

"आणि माझ्याआधी सही कितीजणांनी केली?"

"अकरा."

"ते आत्ता काय करतायत?"

"गोळ्या घेतायत."

तिला सरांवर संतापायचं होतं, ते जमेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"त्यांची कुणाची बहीण नाही ना तिथे कामाला," दादा म्हणाला.