नजरजुळणी

“अरे, ही पाटी शाळेतल्या पोराची आहे की कुणाच्या बापाची?” भिंगवाले काका हसत म्हणाले. “नजरेचं वय त्रेचाळीस दाखवतेय!”

मीही हसलो. वर्ष संपलं की शाळेतल्या सगळ्या पाट्या जिन्याखालच्या आमच्या दुरुस्तीखोलीत येतात. आम्ही दोघं त्या पुसून कोऱ्या करतो आणि पुढच्या मुलांसाठी ठेवतो. काकांनी पाटी माझ्याकडे सरकवली. मागच्या बाजूला गुलाबी नेलपॉलिशनं काढलेली चांदणी होती. ती माझ्या घरातच काढलेली. शाळेची वस्तू खराब केली म्हणून मीच लेकीवर ओरडलो होतो.

आणि त्रेचाळीस माझं वय होतं.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली फळ्याकडे कुणी बघत नाही. प्रत्येक मुलापुढे पाटी असते आणि पाटीवरचा कॅमेरा मुलाचे डोळे बघत बसतो. मूल कुठे बघतं, किती वेळ बघतं, यावरून लक्षाचे गुण पडतात. आठवीअखेर त्याच गुणांवर ठरतं, मूल अभ्यासाच्या वर्गात जाणार की हातकामाच्या. परीक्षा कधीच बंद झाल्या. कॅमेरा बदलला की नजरजुळणी करावी लागते. मुलानं समोर बसून सात मिनिटं एका हिरव्या ठिपक्यामागे डोळे फिरवायचे. पण तासातून मुलांना सोडतंय कोण? मग आम्हीच समोर बसतो, पाटी चालू करतो आणि मागे पिवळी चिठ्ठी लावतो, ‘वर्गात पुन्हा जुळवा’. ती बघून बाई मुलाला बसवतात.

लेक आठवीत गेली तेव्हा तिच्या पाटीचा कॅमेरा बदलला. समोर मीच बसलो, पण चिठ्ठी लावली नाही. घरचीच तर पोर, संध्याकाळी बसवू, म्हटलं. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी विसरलो, आणि मग विसरलोच.

वर्षभर ती पाटी माझ्या पोरीच्या चेहऱ्यावर माझे डोळे शोधत होती. सापडले नाहीत की लिहायची, लक्ष नाही.

आणि मी काय केलं? दर शनिवारी गुण आले की तिला फैलावर घेतलं.

“लक्ष कुठे असतं गं तुझं?”

“पाटीतच होतं, बाबा. शप्पथ.”

“पाटी कशाला खोटं बोलेल? तिचं काय तुझ्याशी वैर आहे?”

सातवीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली पोर! तिची आई मधे पडली तर तिलाही गप्प केलं. का, तर मला यंत्रातलं कळतं. पोरगी पापण्या ताणून बसायला लागली, डोळे लालबुंद होईपर्यंत. मला वाटलं, चला, सुधारतेय. पूर्वी जेवताना नुसती डोकं उठवायची. मुंग्या झोपतात का, सावलीला रंग का नसतो? ते कधी थांबलं, मला कळलंही नाही.

मी पाटी घेऊन तसाच मोठ्या बाईंकडे धावलो. सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. बाई वाईट नाहीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

“हरकत महिन्याच्या आत घ्यायची असते हो. वर्गांची यादी लागून पाच आठवडे झाले. आता माझ्याही हातात नाही.”

“मग तिला समोर बसवा, तोंडी विचारा. चार प्रश्नांत कळेल तुम्हाला!”

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. “विचारणार कोण? आमच्यातल्या कुणाला आता तसं विचारता येत नाही.”

घरी आलो तर लेक हातकामाच्या वर्गाचा निळा डगला घालून उभी. बाह्या लांब होत होत्या म्हणून आई टाचण्या लावत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आईच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

“म्हणजे मी लक्ष देत होते?” लेकीनं विचारलं.

“देत होतीस. सगळं वर्ष.”

ती टाचण्यांसकट खाली बसली आणि हमसून हमसून रडली. “मला वाटलं, माझ्या डोक्यातच बिघाड आहे,” ती म्हणाली. “तू दुरुस्तीवाला ना, बाबा? एकदा तरी पाटी उघडून बघायची होतीस.”

मला मान वर करवली नाही. अजूनही करवत नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. हातकामाच्या वर्गातून तिला आमच्याच खोलीत पाठवलं. काका निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर आता ती बसते. हात माझ्यापेक्षा चलाख आहे. पण कॅमेरा बदलला की ती स्वतः समोर बसत नाही. जिना चढून वर्गाच्या दारात उभी राहते. “सात मिनिटं, बाई. त्याचेच डोळे लागतील.” बाई कुरकुरतात, ती हलत नाही. पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खणात तसाच पडून आहे.

परवा आमच्या खोलीत एक चिमुरडी तिच्यासमोर बसली होती. ठिपक्यामागे डोळे फिरवता फिरवता म्हणाली, “ताई, हा ठिपका हिरवाच का असतो?”

“माहीत नाही गं. शोधते आणि उद्या सांगते.”

मी दोन हात अंतरावर बसून स्क्रू आवळत होतो. मला उत्तर ठाऊक होतं. लेकीनं मला विचारलं नाही.