सगुणाच्या चुलीवरचं काचेचं कौल

मी एक जुनं काचेचं कौल आहे. मित्रांनो, तुम्ही स्लॅबच्या घरात राहत असाल तर माझी तुमची ओळख नसेल. कौलारू घराच्या स्वयंपाकघरात भर दिवसाही अंधार असतो, म्हणून लाल कौलांच्या ओळीत एखादं काचेचं बसवतात. पावस गावाजवळच्या एका वाडीत, सगुणाच्या चुलीच्या बरोबर वर मी असा बसलो आहे. एक बाजू आभाळाकडे, दुसरी चुलीकडे. वरून ऊन घ्यायचं आणि खाली जमिनीवर कवडसा पाडायचा, एवढंच माझं काम.

पूर्वी मी वाळू होतो. कुठल्या नदीची, ते आता आठवत नाही. झोपेतून उठल्यावर स्वप्न जेवढं हाती राहतं तेवढं पाणी आठवतं. मग भट्टी आली. भट्टीच्या धुराड्यातून काळा धूर वर जात होता आणि आत मी लखलखीत होत होतो. माझ्या जन्मापायी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतरावर काजळी पडली असणारच. म्हणून हवेच्या गोष्टी सांगताना मी फार तोरा मिरवत नाही.

सगुणा लग्न होऊन आली तेव्हा मी नवाकोरा होतो. तिचा नवरा बाळा मुंबईला कामाला, तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा. एरवी घरात ही आणि हिची गाणी. गौरीच्या जागराला पहिलं गाणं सगुणानेच उचलायचं, तोवर वाडीतल्या बायका तोंड उघडत नसत. ती माझ्या कवडशात तांदूळ निवडायची आणि कवडसा सरकला की सूप सरकवायची. पुढे लेक झाली, अक्षया. ती रांगत यायची, कवडशात तरंगणारे कण मुठीत धरायची आणि मूठ रिकामी निघाली की रडायची. मला तो सोन्याचा चुरा वाटायचा.

तो चुरा कसला होता, हे पुढे अक्षयाकडूनच कळलं. उजेड चांगला म्हणून ती शाळेचं पुस्तक घेऊन कवडशातच बसायची आणि मोठ्याने वाचायची. ते ऐकून माझ्या पाठीवर कोण येऊन बसतं हे मी ओळखू लागलो. समुद्राचं मीठ आणि आंब्याच्या मोहराचे पराग निसर्गाने पाठवलेले. ट्रकांचा धूर माणसाने पाठवलेला. भातपेरणीआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्या राबाची राखही माणसाचीच. ही मंडळी जशी निघतात तशीच पोचतात, म्हणून पुस्तकात त्यांना प्राथमिक प्रदूषक म्हटलं होतं. काही मात्र वाटेत घडतात. गाड्यांच्या नळीतून निघालेले वायू उन्हात एकमेकांना भेटतात आणि त्यातून निराळंच काही जन्माला येतं. जमिनीलगतचा ओझोन असाच तयार होतो. ते दुय्यम. कण असेल तर माझ्यावर बसतो आणि मला कळतो. वायू नुसता वरून निघून जातो, त्याचं येणंजाणं मला कधी दिसलं नाही.

दुपारी सारं घर पेंगत असायचं. वारा मंद, आभाळ निळं, आणि ही सगळी पाहुणेमंडळी माझ्यावरून तरंगत चाललेली. खरं सांगतो, तेव्हा मला कुणाचाच राग यायचा नाही.

मग एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चिरेखाण सुरू झाली. जांभा दगड कापणारं यंत्र दिवसभर करवादायचं आणि तांबडी धूळ उडून सगळ्या वाडीवर बसायची. त्याच वर्षी सगुणा काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाऊ लागली. येताना ती टरफलांचं पोतं डोक्यावरून आणायची. टरफलात तेल असतं, त्यामुळे ती अशी भडकतात की फुंकणीला हात लावावा लागत नाही. शेजारणींना तिचा हेवा वाटायचा. घरात गॅसची शेगडीही होती, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. फुकटचं सरपण दारात असताना गॅस कोण जाळणार?

सगुणाला खोकला लागला. आधी पहाटे, मग दिवसभर. तिने बोट दाखवलं ते खाणीकडे, आणि वाडीने मान डोलावली. खाणीची धूळ दिसत होती ना. अंगणात, तुळशीवर, लोणच्याच्या बरणीवर. पावसच्या डॉक्टरांनी घरातल्या धुराचं विचारलं, तर हिने वेळ घालवू नका असं सुनावलं आणि सड्याची गोष्ट सांगितली. अक्षया आता रत्नागिरीला कॉलेजात जात होती. तिनेही खाणच धरली. आईच्या काळजीने तिने खिडकी लावून घेतली आणि भिंत व छपरामधल्या फटी प्लॅस्टिकने बुजवून टाकल्या. बाहेरचा कण आत येऊ नये म्हणून!

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं खरं दुःख सुरू झालं. धुराला बाहेर जायची वाट उरली नाही. तो चुलीतून उठायचा, माझ्यापर्यंत यायचा, मला चिकटायचा आणि पुन्हा खाली उतरून सगुणाभोवती फिरायचा. वरची धूळ पहिल्याच वळवाने धुऊन जायची. आतला थर वाढतच होता. कवडसा आधी पिवळा झाला, मग तपकिरी. तांदळातले खडे दिसेनात, तशी ती दारात जाऊन निवडू लागली. मी सगळं बघत होतो आणि काचेला तोंड नसतं. इतकी असहाय वेळ माझ्यावर भट्टीतही आली नव्हती.

त्या वर्षी गौरी आल्या. माजघरातून बायकांच्या हाका आल्या, सगुणाने गाणं उचललं, आणि पहिल्या ओळीतच तिला ढास लागली. ती उठून स्वयंपाकघरात आली आणि पदर तोंडावर धरून चुलीशी बसून राहिली. शेवटी दुसऱ्या कुणीतरी गाणं सुरू केलं. सगुणा ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते.

काही वर्षांनी एकदा, मे महिन्यात, आमच्याकडे कौलं परततात. माकडांनी फोडलेली काढायची, बाकीची झाडूनपुसून पुन्हा बसवायची. गड्याने मला उतरवून अक्षयाच्या हातात दिलं. कित्येक वर्षांनी मी जमिनीवर आलो होतो आणि ऊन मला खालून बघायला मिळत होतं. तिने वरची बाजू धुतली. तांबडी धूळ साध्या पाण्याने गेली. मग तिने मला उलटं केलं. राख लावली, साबण लावला, करवंटीने खरवडलं. काळा थर डिंकासारखा चिकट, हलेना. तिने बोटं हुंगली आणि ती एकदम थांबली.

"आये, हात बघ माजो," ती म्हणाली.

सगुणाने लेकीचा हात नाकाशी नेला. तो वास तिला कोण सांगणार? रोज कारखान्यातून तोच अंगावर घेऊन ती घरी यायची.  हात न सोडता तिने अंगणातल्या पोत्याकडे बघितलं.

"खाणीन खाल्लान म्हणत होते," ती हळूच म्हणाली. "मीच रांधून घातलंय गो छातीला."

 अक्षया आत गेली आणि आपल्याच हाताने बुजवलेल्या फटींतलं प्लॅस्टिक ओढून काढू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी टरफलांची पोती कारखान्यात परत गेली आणि शेगडी चुलीच्या ओट्यावर आली.

म्हणून खाण निर्दोष झाली असं समजू नका. तिची धूळ आजही माझ्या पाठीवर आहे आणि तीही श्वासात जाते. पण जी दिसते तिच्याशी भांडायला सगळी वाडी उभी असते. आपल्या हातांनी पेटवलेल्या धुराकडे कुणी बघत नाही. तुम्ही तरी बघा. घरात एखादा कवडसा पडत असेल तर त्यात घटकाभर डोळे लावून बसा आणि त्यातलं काय बाहेरून आलंय, काय घरातून उठलंय, ते विचारा. खिडकी लावण्याआधी विचारा.

यंदाच्या गौरीला बायका पुन्हा थांबल्या. सगुणाने गाणं उचललं. अर्ध्यावर तिचा श्वास संपला, तेव्हा पुढची ओळ अक्षयाने घेतली आणि मायलेकींनी ते गाणं असंच वाटून म्हटलं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं सगळं परत येणार नाही. माझ्याही एका कोपऱ्यातला काळा डाग निघालाच नाही, आणि कवडशात त्याची सावली पडते. सगुणा हल्ली पुन्हा माझ्याखाली तांदूळ निवडते. ती सावली सुपावर आली की हात थांबवून वर बघते आणि सूप जरा उजेडात ओढून घेते.