पहिल्या शिफ्टची ऊब

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या आतल्या खोलीत जायचं तर कंपनीकडून जाडजूड जॅकेट मिळतं, पण खरा जीव वाचवते ती आतली लोकर. अंगाला चिकटून बसणारं पातळ लोकरीचं इनर, मनगटापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत विजार. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. दोन सुती बनियन घालून, वर जाड स्वेटर चढवून ऐटीत आत शिरतो. गोठलेल्या वाटाण्याचे खोके उचलता उचलता घाम फुटतो, सुती कापड तो पिऊन बसतं, आणि जरा टेकलं की तोच घाम पाठीवर बर्फ होतो. मग बसा दात वाजवत. लोकर पातळ हवी आणि थेट कातडीला हवी, हे मला ताईने शिकवलं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

इनरची जोडी एकच होती, ताईने घेतलेली. ती पहिल्या शिफ्टला, मी दुसऱ्या. दुपारी ती बाहेर आली की कपडे बदलायच्या खोलीत, लॉकरच्या आडोशाला आम्ही उभ्या राहायचो. ती अंगातून काढायची आणि खुंटीला न लावता थेट माझ्या हातात द्यायची.

"घ्या राणीसरकार, तापवून ठेवलंय," म्हणायची.

बाकीच्या बाया नाकं मुरडायच्या. एकमेकींचा घाम कसला घालता म्हणे. अहो, एका पांघरुणात लाथा मारत वाढलो आम्ही, घामाचं काय घेऊन बसलात? शिवाय लोकर सहसा वास धरत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी ताई ती कोमट पाण्यात स्वतः धुवायची. मला हात लावू द्यायची नाही, तू पिळून वाट लावशील म्हणायची. पुढे दुसरी जोडी घेणं जमलं असतं, पण विषयच निघाला नाही. मला त्या गरम इनरची चटक लागली होती. माझी शिफ्ट संपली की मी ते आमच्या दोघींच्या लॉकरमध्ये अडकवून घरी जायची.

ताई गेली ती एका सुट्टीच्या दिवशी. दुपारी जेवून जरा लवंडली ती उठलीच नाही. इनर बाहेर दोरीवर वाळत होतं.

मी पुन्हा कामावर गेले तेव्हा ते घरूनच अंगात घालून गेले. रडत रडत खोके रचले आणि शिफ्ट संपल्यावर सवयीने लॉकरमध्ये अडकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लॉकर उघडून आत हात घातला आणि तो तिथेच राहिला. इनर गरम होतं. उन्हात ठेवल्यासारखं नाही, त्या खोलीत ऊन येतच नाही. आत्ता कुणीतरी अंगातून काढल्यासारखं. काखेत जास्त, पाठीत जास्त, मनगटापाशी कमी.

घाबरले का? घाबरले तर. पण शिफ्टची वेळ झाली होती म्हणून घातलं, आणि घातल्याबरोबर ताईने कुशीत घेतल्यासारखं वाटलं. कुणाला सांगितलं नाही. एक तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. दुसरं म्हणजे मला ते कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

पहिल्या शिफ्टला ताईच्या जागी माणूस टिकेना. येणारी प्रत्येक बाई चार दिवसांत पळ काढायची. "खोके आधीच रचलेले असतात, आणि मागे कुणीतरी उभं राहून माझं काम बघतं," असं एकीने सुपरवायझरला सांगितलं. "कामचुकारांना बहाण्याला आता भुतंही चालायला लागली," तो म्हणाला. मी मान खाली घालून जॅकेटची चेन लावत राहिले.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस माझी भाची घरी आली. ताईची एकुलती एक मुलगी, नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर आलेली.

"मावशी, मी कोर्स सोडतेय. आईच्या जागी मला लावून घेतील का, विचार ना."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बाबांना एकट्याने झेपत नाही गं. दिसतंय ना मला."

ताईने त्या बर्फात आयुष्य काढलं ते हिला तिथे पाऊल टाकावं लागू नये म्हणून. मला इतका संताप आला की इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं.

"ती जागा रिकामी नाहीये. तुझी आई अजून कामावर येते. रोज."

मग सगळंच सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, मला मिठी मारेल, एकदा हात लावू दे म्हणेल. तसलं काही झालं नाही.

"म्हणजे आई अजून तिथे राबतेय?" ती हळूच म्हणाली. "आणि तू रोज ते गरमगरम अंगात चढवून खुशाल कामाला जातेस? बाई गं, आता पुरे, असं तिला एकदाही म्हणाली नाहीस?"

खरंच, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला फक्त ऊब दिसली होती.

त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी इनर लॉकरमध्ये ठेवलं नाही, अंगात तसंच ठेवून घरी आले. इनर नसलं तर ताई आत जाणार नाही, मेल्यावर तरी जरा स्वस्थ बसेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाची माझ्याबरोबर आली. मी लॉकर उघडला. आतल्या पत्र्यावर बर्फ धरला होता. खुंटीवर, कडीवर, ताईच्या जुन्या कंगव्यावर, पांढरा आणि भुसभुशीत, आतल्या खोलीच्या भिंतींवर धरतो तसा. आणि या कपडे बदलायच्या खोलीत बर्फ कधीच धरत नाही.

"ती गेली आत," मी म्हणाले. "तशीच गेली गं, काही न घालता."

मला रडू कोसळलं. आधीच एवढी दमलेली माझी बहीण, आणि मी तिच्या अंगावरचं काढून घेतलं होतं.

भाचीने खुंटीवर बोटं टेकवली. ती चिकटली तरी तिने काढली नाहीत. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही, लॉकरच्या आत तोंड करून.

"आई, मी कोर्स सोडत नाहीये. ऐकलंस ना? मला नर्स म्हणून कामाला लागू दे, मग तू हे काम थांबव." आणि मग माझ्याकडे वळून, "मावशी, आजपासून आठवणीने ठेव ते. ती ऐकायची नाही, हट्टी आहे."

"घरचं मी बघते. तू फक्त पास हो," मी म्हणाले.

त्यानंतर मी रोज इनर नीट झटकून, बाह्या सरळ करून अडकवायला लागले. दुपारी ते गरमच असायचं, पण आता ती ऊब अंगाला चटके द्यायची. ती कुठून येते ते माहीत होतं ना. तरी खरं सांगते, मधूनच मनात यायचं, पोरीचा एखादा विषय राहावा. आणखी थोडे दिवस. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

भाचीचा एकही विषय राहिला नाही. हॉस्पिटलात तिची पहिली ड्यूटी लागली ती सकाळची. जाताना तिने मला फोन केला. नवीन बूट चावतायत म्हणाली, आणि हसली.

त्या दुपारी मी लॉकर उघडला. इनर गालाला लावलं. आत हात घालून चाचपलं, काखेत, पाठीत. गार. नुसतं कापड होतं ते.

सुटली बिचारी, म्हणून मी हात जोडले. आणि लगेच तिच्यावर चिडलेही. सांगून तरी जायचंस ना गं भवाने, एवढंही जमलं नाही? पलीकडच्या बाईने दचकून बघितलं. बघू दे.

शिफ्टची घंटा झाली. मी कपडे उतरवले आणि इनर डोक्यातून खाली ओढलं. मानेपासून कमरेपर्यंत असा गारठा सळसळत गेला की श्वासच अडकला. अंगाच्या उबेने ते तापेपर्यंत मी लॉकरचं दार धरून उभी राहिले, दात वाजत होते, आणि उभ्याउभ्या मला कळलं. रात्रभर त्या खुंटीवर गारठलेलं इनर ताईने इतकी वर्षं रोज सकाळी असंच अंगात घातलं होतं, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.